मुरुमांचे औषध आणि उतावळेपणा

घरातील तेरा-चौदा वर्षांचे मूल एकाएकी आरशासमोर अधिक वेळ उभे राहू लागले, तर त्याचे कारण नटण्यामुरडण्याची हौस हेच असते असे नाही. गालावर किंवा कपाळावर उठलेली एखादी तांबडी पुटकुळी हेही ते कारण असू शकते. वडील मंडळी ती पाहून हसतात आणि 'वयाचा गुण आहे, आपोआप जाईल' असे म्हणून कामाला लागतात. वयाचा गुण आहे हे खरे. पुष्कळदा ती आपोआप जाते हेही खरे. परंतु जाताना ती काहीच मागे ठेवीत नाही असे मात्र नाही. कित्येकांच्या गालांवर कायमचे खड्डे राहतात. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर तर तिचे काळसर डाग महिनोन्‌ महिने रेंगाळतात. लग्नकार्यात छायाचित्र घेण्याची वेळ आली की मागच्या रांगेत सरकणारी मुलगी, किंवा वर्गात फळ्यापाशी जाण्याचे टाळणारा मुलगा यांना हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही.

या बाबतीत दोन चुका सर्रास घडतात. पहिली हेळसांडीची आणि दुसरी उतावळेपणाची. हेळसांड करणारा काहीच लावीत नाही; उतावळा मनुष्य हाती लागेल ते, हवे तितके आणि हवे तेव्हा लावतो. मुरुमांवर जी औषधे आज उपलब्ध आहेत, त्यांत बेंझॉइल पेरॉक्साइड हे जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध आहे. मात्र ते हेळसांड करणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही आणि उतावळ्याला त्रास दिल्यावाचून राहत नाही. म्हणून ते निवडावे कसे आणि वापरावे कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हा विकार कसा होतो ते पाहू. आपल्या त्वचेत सूक्ष्म केशकूप असतात आणि त्यांना लागून तैलग्रंथी असतात. या ग्रंथींतून पाझरणारा स्निग्ध पदार्थ त्वचेला मऊ ठेवतो. चेहरा, छाती आणि पाठ या भागांत या ग्रंथी मोठ्या व दाट असतात. वयात येण्याच्या सुमारास शरीरातील अंतःस्रावांत बदल होतो, ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात आणि त्याच सुमारास केशकूपाच्या मुखाशी मृत पेशींचा चिकट थर साचून बूच बसल्यासारखे होते. बूच बसलेल्या त्या कुपीत एक प्रकारचे जंतू वाढतात. हे जंतू कोठून बाहेरून आलेले नसतात. निरोगी माणसाच्या त्वचेवरही त्यांची वस्ती असतेच. परंतु तेलाचा साठा आणि हवेचा अभाव अशी सोयीची जागा मिळाली की ते बळावतात, शरीर त्यांना प्रतिकार करू लागते आणि त्या जागी लाली, ठणका व पू दिसू लागतो. हीच तारुण्यपिटिका.

हा विकार काही आजकालच्या खाण्यापिण्यातून निर्माण झालेला नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या वर्णनात 'मुखदूषिका' या नावाने तो आला असून तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या या पुटकुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे सावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे. ज्याने सावरीच्या खोडावरील ते जाड बुडाचे, टोकदार काटे पाहिले आहेत, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावयास नको.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. मुरूम म्हणजे अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. नाकावर दिसणारे काळे ठिपके म्हणजे साचलेला मळ नव्हे. रंध्राच्या तोंडाशी असलेला स्निग्ध पदार्थ हवेच्या संपर्काने आणि त्वचेतील रंगद्रव्यामुळे काळा दिसतो, इतकेच. म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा साबणाने तोंड धुणे, खरखरीत वस्त्राने घासणे किंवा नखाने पुटकुळी फोडणे यांतून लाभ काहीच होत नाही. उलट त्वचा दुखावते आणि डाग अधिक गडद होतो.

आता औषधाकडे वळू. बेंझॉइल पेरॉक्साइड हा रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक असलेला पदार्थ आहे. पिठाचा रंग उडवून ते पांढरे शुभ्र करण्यासाठी आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यांत त्याचा उपयोग झाला. मुरुमांवर त्याचा प्रसार झाला तो विशेषेकरून १९६० नंतरच्या दशकात. कॅनडातील डॉ. पेस यांनी गंधक आणि बेंझॉइल पेरॉक्साइड यांच्या मलमाचा आपला अनुभव १९६५ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर कितीतरी नवी औषधे आली आणि त्यांतील काही मागेही पडली. पण हे टिकून राहिले. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली मुरुमांच्या उपचाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही त्याची आग्रहपूर्वक शिफारस आहे.

ते टिकले याचे कारण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. त्वचेत शिरल्यावर त्याचे विघटन होऊन अतिशय क्रियाशील असा प्राणवायू मोकळा होतो. मुरुमातील जंतूंना प्राणवायू मानवत नाही. या माऱ्यापुढे ते तग धरू शकत नाहीत. शिवाय केशकूपाच्या तोंडाशी बसलेले बूच सैल करण्याचा थोडासा गुणही या औषधात आहे. काम झाल्यावर त्याचे बेंझॉइक आम्ल बनते, आणि त्याचा जो अल्प अंश रक्तात जातो तो लघवीवाटे निघून जातो.

येथे एक मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्लिंडामायसिन किंवा एरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके एकटीच दीर्घकाळ त्वचेवर लावली, तर जंतू त्यांना सरावतात आणि पुढे औषध लागू पडेनासे होते. बेंझॉइल पेरॉक्साइडला मात्र जंतू असे सरावल्याचे आढळलेले नाही. म्हणूनच डॉक्टर जेव्हा प्रतिजैविकाचे मलम देतात, तेव्हा त्याच्या जोडीला बहुधा हे औषध देतात. 'दोन मलमे कशाला, एकानेच भागेल' असे म्हणून रोग्याने आपल्या अकलेने बेंझॉइल पेरॉक्साइड वगळले, तर त्या जोडीतील संरक्षकच काढून घेतल्यासारखे होते.

औषध निवडताना पहिला प्रश्न येतो तो त्याच्या तीव्रतेचा. वेष्टनावर अडीच टक्के, पाच टक्के, दहा टक्के असे आकडे असतात. उतावळ्या माणसाचा हात सहजच दहाकडे जातो. चहात साखर दुप्पट घातली तर तो दुप्पट गोड होतो, तेव्हा औषधही चौपट तीव्र घेतले तर चौपट लवकर गुण येईल, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. १९८६ साली अमेरिकेत मिल्स, क्लिगमन प्रभृती संशोधकांनी १५३ रुग्णांवर केलेल्या तुलनेत असे दिसून आले, की सुजलेल्या, तांबड्या पुटकुळ्या कमी करण्याच्या कामी अडीच टक्क्यांचे औषध पाच आणि दहा टक्क्यांच्या औषधाइतकेच गुणकारी ठरते. मात्र आग होणे, लाली येणे, साल निघणे हे उपद्रव दहा टक्क्यांपेक्षा अडीच टक्क्यांत पुष्कळच कमी होतात.

आपल्याकडील लोकांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व अधिकच आहे. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेला दाह झाला की दाह शमल्यावर त्या जागी काळसर डाग उरतो. तो दाह मुरुमाने झालेला असो की मुरुमावरील तीव्र औषधाने झालेला असो, त्वचेला दोन्ही सारखेच. तेव्हा डाग टाळण्यासाठी घेतलेल्या औषधानेच नवे डाग पाडून घ्यावयाचे नसतील, तर अडीच टक्क्यांपासून आरंभ करणे शहाणपणाचे. दोन-अडीच महिन्यांत पुरेसा गुण आला नाही आणि त्वचेने ते नीट सोसले असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने पाच टक्क्यांकडे जाता येते.

दुसरा प्रश्न औषधाच्या स्वरूपाचा. हे औषध जेल, मलम आणि तोंड धुण्याचा द्रव अशा रूपांत मिळते. तेलकट त्वचेला पाण्याच्या आधारावर बनवलेले जेल मानवते. कोरड्या त्वचेला मलम बरे. ज्यांच्या पाठीवर आणि छातीवर मुरुमे आहेत, त्यांना इतक्या विस्तृत भागावर जेल चोपडणे अवघड जाते आणि कपड्यांचीही नासाडी होते. त्यांनी धुण्याचा द्रव घ्यावा, तो स्नानाच्या वेळी लावून दोन-तीन मिनिटे राहू द्यावा आणि मग स्वच्छ धुवावा. नाजूक त्वचेच्या माणसालाही चेहऱ्यासाठी ही रीत सोयीची असते. मात्र द्रव आणि जेल ही दोन्ही एकदम सुरू करू नयेत.

निवड झाल्यावर लगेच सगळ्या चेहऱ्यावर लेप द्यावयाचा नाही. पहिले तीन दिवस एक-दोन लहानशा जागीच थोडे औषध लावून पाहावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली अशी चाचणी घेण्याचा सल्ला दिला. कारण क्वचित एखाद्याला या औषधाचे तीव्र वावडे असू शकते. किंचित चुरचुरणे, थोडी कोरड पडणे हे अपेक्षितच आहे. परंतु ओठ, डोळे किंवा चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, श्वास घेण्यास त्रास होणे किंवा घेरी येणे यांपैकी काहीही झाले, तर औषध तत्काळ धुऊन टाकून विनाविलंब रुग्णालय गाठावे आणि पुन्हा त्या औषधाच्या वाटेस जाऊ नये.

चाचणी निर्वेध पार पडली, की पुढची रीत सोपी आहे. रात्री सौम्य साबणाने चेहरा धुवावा, टिपून कोरडा करावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. ओल्या त्वचेवर औषध अधिक झोंबते. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढे जेल बोटावर घेऊन संपूर्ण चेहऱ्यासाठी तेवढेच पुरवावे. ते दिसलेल्या पुटकुळीवर ठिपक्यासारखे थापावयाचे नसून जेथे जेथे मुरुमे उठतात त्या सर्व भागावर पातळ पसरावयाचे असते. कारण आज दिसत नसलेली उद्याची पुटकुळी त्याच त्वचेखाली तयार होत असते. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठ आणि चिरलेली किंवा सोललेली त्वचा यांना औषध लागू देऊ नये. पहिले दोन आठवडे ते एक दिवसाआड लावावे आणि त्वचा सरावल्यावर रोज रात्री. कोरडेपणा वाटल्यास वरून तेलविरहित, रंध्रे न बुजविणारे सौम्य मलम लावण्यास हरकत नाही. दिवसा उन्हात जाताना छत्री, टोपी किंवा ऊनरोधक मलम यांचा आश्रय घ्यावा, कारण उन्हाने डाग गडद होतात.

ज्याने एके काळी पिठाचा रंग उडवला, तो पदार्थ कापडाचाही रंग उडवल्यावाचून राहणार नाही. उशीचा अभ्रा, चादर, टॉवेल, सदऱ्याची कॉलर यांवर त्याचे फिकट डाग पडतात आणि ते धुण्याने जात नाहीत. म्हणून औषध लावणाऱ्याने पांढरा अभ्रा आणि पांढरा पंचा वापरावा, लावल्यावर हात धुवावेत आणि केसांना व भुवयांना ते लागणार नाही याची काळजी घ्यावी. ठेवणीतील पैठणी नेसून कोणी हे औषध लावू नये, हे वेगळे सांगावयास नको.

यानंतर खरी परीक्षा सुरू होते आणि ती धीराची असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुरुमे फारशी हटत नाहीत. उलट त्वचा कोरडी पडते आणि चेहरा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो असे वाटू लागते. अनेक जण याच वेळी ट्यूब फेकून देतात. वास्तविक कोरडेपणाचा हा काळ लवकरच ओसरतो. चार ते सहा आठवड्यांत फरक जाणवू लागतो आणि पुरता गुण दिसण्यास सुमारे बारा आठवडे लागतात. ज्याला महिन्याभरावर आलेल्या लग्नासाठी चेहरा स्वच्छ करून हवा असेल, त्याला या औषधाकडून निराशाच पदरी येईल. चेहरा सुधारल्यावरही वैद्यकीय सल्ल्याने काही काळ ते चालू ठेवावे लागते, कारण तैलग्रंथींचा स्वभाव काही बदललेला नसतो.

ज्याला हा धीर नसतो, तो औषधाच्या दुकानात जाऊन 'झटपट गुण येणारे काहीतरी' मागतो, आणि येथेच मोठा धोका आहे. आपल्या देशात स्टिरॉइड असलेली मलमे, बहुधा प्रतिजैविक व बुरशीनाशक यांच्या मिश्रणात, गोरेपणासाठी आणि मुरुमांसाठी अतोनात वापरली गेली आहेत. पहिल्या काही दिवसांत लाली ओसरते, चेहरा तुकतुकीत दिसतो आणि मलमाची कीर्ती शेजारीपाजारी पसरते. पुढे त्वचा पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, नवी मुरुमे उठतात आणि मलम थांबविताच आगडोंब उसळतो. भारतातील बारा केंद्रांत केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी स्टिरॉइड मलमे चेहऱ्याला लावीत असल्याचे आढळले. आणि त्यांच्यातील सर्वांत अधिक दिसणारा दुष्परिणाम होता तो मुरुमे उठणे किंवा असलेली बळावणे हाच. ज्या रोगावर औषध घेतले, तोच रोग औषधाने वाढविला! आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच. तेव्हा वेष्टनावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते मुरुमांचे औषध नव्हे हे पक्के ध्यानात ठेवावे.

घरगुती उपायांविषयीही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. चंदन, हळद, मसुरीच्या डाळीचे पीठ यांचे लेप आपल्याकडे परंपरेने चालत आलेले आहेत. ज्याला ते मानवतात त्याने ते बेंझॉइल पेरॉक्साइड चालू असताना तरी काही काळ बाजूला ठेवावेत. कारण वाळलेला लेप खरवडून काढताना आधीच नाजूक झालेली त्वचा सोलवटते. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि दात घासण्याची पेस्ट ही मात्र चेहऱ्याला केव्हाच लावू नयेत. डोक्याला भरपूर तेल चोपडून ते कपाळावर ओघळू देण्याची सवय असेल, तर कपाळावरील मुरुमांचे मूळ तेथेही असू शकते.

इतर औषधांशी या औषधाचे कसे जमते हेही ठाऊक असावे. ट्रेटिनॉइन हे मुरुमांवरील दुसरे प्रसिद्ध औषध. परंतु त्याच्या जुन्या धर्तीच्या मलमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड लावले तर ते निकामी होऊ शकते. म्हणून एक सकाळी व दुसरे रात्री, असे डॉक्टर सांगतात. अ‍ॅडापॅलिन मात्र त्याच्या सहवासात टिकून राहते आणि या दोहोंचे एकत्र जेलही मिळते. डॅप्सोनचे जेल याच्याबरोबर लावल्यास त्वचेवर काही काळ पिवळसर-नारिंगी छटा येऊ शकते. सॅलिसिलिक आम्लाचे धावन, खरखरीत दाण्यांचा स्क्रब आणि हे औषध अशी तिहेरी मारगिरी चेहऱ्यावर एकाच वेळी करणे हा त्वचेवर अन्याय आहे.

अलीकडे या औषधाविषयी एक शंका उपस्थित झाली, तिचाही विचार केला पाहिजे. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील एका स्वतंत्र प्रयोगशाळेने असे दाखवून दिले, की बेंझॉइल पेरॉक्साइडच्या काही उत्पादनांत, विशेषतः ती उष्णतेत राहिल्यास, बेंझीन तयार होते. बेंझीन हा कर्करोगास कारण होणारा पदार्थ आहे. यावर तेथील अन्न व औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासविली. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षाप्रमाणे त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळलेच नाही किंवा अत्यल्प आढळले. थोडी उत्पादने बाजारातून परत घेण्यात आली. आणि अशा उत्पादनांच्या दीर्घकाळच्या वापरानेही कर्करोगाचा धोका फारच थोडा असल्याचे प्रशासनाने सांगितले. म्हणजे घाबरून औषध टाकून देण्याचे कारण नाही. पण निष्काळजी राहण्यासही आधार नाही. वैशाखातील ग्वाल्हेर किंवा हैदराबादचे ऊन ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ही ट्यूब खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा न्हाणीघरातील बंबाजवळ ठेवू नये. घरातील थंड, सावलीच्या जागी ती ठेवावी, मोठी नळी वर्षभर पुरविण्याऐवजी लहान घ्यावी आणि मुदत संपताच टाकून द्यावी.

शेवटी, कोणी स्वतःच उपचार करीत न बसता सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे? ज्यांच्या चेहऱ्यावर खोल, दुखऱ्या गाठी येतात. ज्यांचे खड्डे पडू लागले आहेत. बारा आठवडे नेमाने औषध लावूनही ज्यांना गुण नाही. ज्या मुलींची पाळी अनियमित असून चेहऱ्यावर राठ केस येत आहेत. ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा अंगावर पाजीत आहेत. आणि बारा वर्षांखालील मुले, या सर्वांनी. ज्याला आधीपासून इसब आहे त्यानेही विचारल्याशिवाय या औषधास हात लावू नये. आणि एखादे मूल चेहऱ्यापायी घराबाहेर पडेनासे झाले, जेवेनासे झाले, उदास राहू लागले, तर मुरुमांची संख्या कितीही थोडी असो, ते डॉक्टरकडे नेण्यास पुरेसे कारण आहे.

सौम्य औषध, पातळ लेप आणि बारा आठवड्यांचा नेम, एवढे या उपचाराचे सार आहे. नेम ठेवणे मुलाचे काम. परंतु त्याला हसणे सोडून ते बारा आठवडे त्याला धीर देणे हे घरातील वडील मंडळींचे काम आहे. औषध दुकानात मिळते. धीर मात्र घरातूनच मिळावा लागतो.